सनद आणि समुद्र : राफाएल साबातिनीचे जीवन व ‘कॅप्टन ब्लड’

१.

ऐतिहासिक कादंबरीच्या अभ्यासात अद्भुतरम्यतेचा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. ‘मुक्तामाला’ (१८६१) पासून ‘मोचनगड’ (१८७१) पर्यंतच्या दशकात मराठी कादंबरीने कल्पितरम्य जगाकडून इतिहासाकडे जे वळण घेतले, त्याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. या चर्चेत अद्भुतरम्यता ही कादंबरीच्या बाल्यावस्थेची खूण आणि इतिहासनिष्ठा ही तिच्या प्रौढत्वाची खूण, असे एक समीकरण नकळत रूढ झाले. हे समीकरण कितपत टिकते, याची तपासणी एखाद्या परकीय लेखकाच्या उदाहरणावरूनही करता येते. राफाएल साबातिनी (१८७५–१९५०) हा त्या दृष्टीने उपयुक्त लेखक आहे. त्याची ‘कॅप्टन ब्लड’ (१९२२) ही कादंबरी समुद्रावरील साहसाची, तलवारबाजीची आणि प्रेमाची कथा म्हणून जगभर वाचली गेली. मात्र ती लिहिणाऱ्या गृहस्थाने आयुष्याचा मोठा भाग इतिहासाची जुनी साधने चाळण्यात घालविला होता, ही गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही.

प्रस्तुत लेखात साबातिनीच्या जीवनाचा क्रमशः आढावा घेऊन, त्याच्या कथाविश्वाच्या मध्यभागी असलेल्या एका प्रश्नाकडे लक्ष वेधावयाचे आहे. माणसाचे नाव, देश आणि प्रतिष्ठा या गोष्टी कोणाच्या हातच्या कागदावर अवलंबून असतात, हा तो प्रश्न होय. समुद्रावरच्या सनदी चाच्याची व्यक्तिरेखा या प्रश्नासाठी साबातिनीला इतकी सोयीची का वाटली, हे त्याच्या चरित्राच्या प्रकाशात पाहिल्यास अधिक स्पष्ट होते.

२.

साबातिनीचा जन्म २९ एप्रिल १८७५ रोजी मध्य इटलीतील येझी या गावी झाला. सम्राट दुसरा फ्रेडरिक आणि संगीतकार पेर्गोलेझी यांचेही हे जन्मगाव. वडील विन्चेन्झो साबातिनी इटालियन, आई ॲना ट्रॅफर्ड इंग्रज. दोघेही ऑपेराचे गायक होते. पुढे रंगभूमी सोडून त्यांनी गायनाच्या अध्यापनाचा व्यवसाय पत्करला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी विख्यात झालेला आयरिश गायक जॉन मॅकॉर्मॅक याने मिलान येथे विन्चेन्झो साबातिनी यांच्याकडेच शिक्षण घेतले होते, यावरून त्यांच्या अधिकाराची कल्पना येईल.

गायकांच्या फिरत्या संसारात मुलाचे बालपण एका ठिकाणी गेले नाही. लहानपणी काही काळ तो इंग्लंडमध्ये आईच्या माहेरी राहिला. त्यानंतर पोर्तुगालमधील पोर्तो येथे आणि पुढे स्वित्झर्लंडमधील त्सुग येथे त्याचे शिक्षण झाले. सतराव्या वर्षी तो कायमचा इंग्लंडला आला तेव्हा पाच भाषांत त्याला चांगली गती होती. इंग्रजी ही आईची भाषा त्याने खऱ्या अर्थाने यानंतर आत्मसात केली, आणि लेखनासाठी जाणीवपूर्वक निवडली. उत्तम कथा इंग्रजीतच लिहिल्या गेल्या आहेत, असे तो या निवडीचे कारण देत असे.

ही निवड साधी नव्हती. सोयीने मिळालेल्या भाषेत लिहिणे आणि अनेक भाषांतून एक वेचून घेऊन तिच्यात लिहिणे, यांत फरक आहे. साबातिनीच्या गद्याला जी किंचित औपचारिक, काहीशी जुन्या वळणाची डौलदार चाल आहे, तिचा संबंध काही प्रमाणात या परिस्थितीशी जोडता येतो. बोलीच्या सहज सवयींपेक्षा ग्रंथांतून घडविलेली ही भाषा आहे. सतराव्या शतकातील पात्रांच्या तोंडी ती शोभते, समकालीन पात्रांच्या तोंडी कदाचित शोभली नसती. त्याने आपल्या काळाविषयी जवळजवळ काहीच लिहिले नाही, यामागे हेही एक कारण असू शकेल.

३.

भाषांचे ज्ञान असलेल्या तरुणाला लिव्हरपूलसारख्या बंदरात व्यापारी पेढीत काम मिळणे कठीण नव्हते. साबातिनीने काही वर्षे अशी नोकरी केली. १८९० नंतरच्या दशकात त्याने नियतकालिकांसाठी कथा लिहिण्यास प्रारंभ केला. १९०२ मध्ये त्याची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. १९०४ मध्ये ‘द टॅव्हर्न नाइट’ आली. १९०५ मध्ये लिव्हरपूलच्या एका व्यापाऱ्याची कन्या रूथ गोड डिक्सन हिच्याशी त्याचा विवाह झाला. १९०९ मध्ये त्याला राफाएल-अँजेलो हा पुत्र झाला. तो त्याचा एकुलता एक मुलगा.

या काळात साधारणपणे वर्षाला एक पुस्तक असा त्याच्या लेखनाचा वेग होता. ‘बार्डेलिस द मॅग्निफिसंट’ ही फ्रान्सच्या तेराव्या लुईच्या काळातील कथा, इटालियन प्रबोधनकाळावरील ‘लव्ह-ॲट-आर्म्स’ (१९०७), आणि १६८५ च्या मन्मथ उठावाच्या पार्श्वभूमीवरील ‘अँथनी वाइल्डिंग’ (१९१०) या त्यांतील उल्लेखनीय कृती होत. यांपैकी शेवटची कादंबरी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ज्या उठावातून पुढे कॅप्टन ब्लड निघाला, तो उठाव साबातिनीने बारा वर्षे आधीच अभ्यासिला व हाताळला होता, असे त्यावरून दिसते. ‘कॅप्टन ब्लड’ ही अचानक सुचलेली गोष्ट नव्हे.

पुस्तके निघत होती, परीक्षणे बरी येत होती, परंतु नाव होत नव्हते. प्रारंभीच्या कथांपासून हिशेब केला तर जवळजवळ पंचवीस वर्षे साबातिनी हा दुसऱ्या रांगेतील कादंबरीकार राहिला. ही पंचवीस वर्षे त्याच्या अभ्यासकाला कंटाळवाणी वाटण्याचा संभव आहे. तरीही त्याच्या कारागिरीचा पाया याच काळात घातला गेला.

४.

याच काळात त्याने इतिहासलेखनही केले. १९१२ मध्ये ‘द लाइफ ऑफ चेझारे बोर्जा’ आणि १९१३ मध्ये स्पॅनिश धर्मन्यायालयाचा प्रमुख तोर्केमादा याच्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. बोर्जाच्या चरित्रात साबातिनीने घेतलेली भूमिका लक्षणीय आहे. विषप्रयोग, व्यभिचार आणि बंधुहत्या यांच्या ज्या कहाण्या बोर्जा घराण्याभोवती जमा झाल्या होत्या, त्यांतील प्रत्येकीचा मूळ साधनापर्यंत माग काढावा, ते साधन कोणत्या शत्रूच्या लेखणीतून उतरले हे पाहावे, आणि माणसाचा न्याय त्याच्याच काळाच्या मोजमापाने करावा, असा त्याचा आग्रह आहे. या चरित्रात वकिली अधिक आणि तटस्थता कमी, असा आक्षेप घेता येतो व तो निराधार नाही. परंतु एखाद्याला खलपुरुष ठरविणारा कागद कोणी लिहिला, हा प्रश्न विचारण्याची त्याची सवय येथे प्रथम स्पष्टपणे दिसते. पुढे ती त्याच्या कादंबऱ्यांत उतरली.

‘द सी-हॉक’ (१९१५) ही त्याची पहिली महत्त्वाची सागरी कादंबरी. कॉर्नवॉलचा सरदार सर ऑलिव्हर ट्रेसिलियन याने एलिझाबेथ राणीच्या काळात स्पेनविरुद्धच्या लढाईत कीर्ती मिळविली आहे. त्याच्या वाग्दत्त वधूच्या भावाचा खून होतो. खून केलेला असतो ऑलिव्हरच्या सावत्र भावाने, संशय येतो ऑलिव्हरवर. भाऊ स्वतःची कातडी वाचविण्यासाठी त्याला पळवून विकण्याची व्यवस्था करतो. स्पॅनिश जहाजावरील वल्ह्याला साखळदंडाने जखडलेला हा इंग्रज सरदार अल्जिअर्सच्या चाच्यांमुळे मुक्त होतो, त्यांचा धर्म स्वीकारतो आणि सक्र-अल्-बहर, म्हणजे समुद्राचा ससाणा, या नावाने भूमध्य समुद्रावर दहशत बसवितो. ज्याला स्वदेशाने खुनी म्हणून टाकले, त्याला परक्यांनी सेनानी म्हणून उचलून घेतले, असा या कथेचा मूळ व्यूह आहे.

येथे कादंबरीकाराने एक खोच ठेवली आहे. इंग्लंडमध्ये असतानाही ऑलिव्हरला त्याचे शेजारी चाचाच समजत होते. त्याने स्पॅनिश जहाजे लुटली होती, ती राणीच्या मूक संमतीने. मग अल्जिअर्सच्या बाशाच्या आज्ञेने तेच कर्म केले तर त्याचे नैतिक स्वरूप कितीसे बदलते? साबातिनी या प्रश्नाचे प्रवचन करीत नाही. कथेच्या दोन भागांना समोरासमोर ठेवून तो वाचकालाच विचार करावयास लावतो.

५.

पहिल्या महायुद्धात साबातिनीच्या भाषाज्ञानाचा उपयोग ब्रिटिश गुप्तवार्ता विभागाने अनुवादासाठी करून घेतला. याच सुमारास त्याने ब्रिटिश नागरिकत्व स्वीकारले. तोपर्यंत, इंग्लंडमध्ये पंचवीस वर्षे राहून, इंग्रजीत डझनावारी पुस्तके लिहूनही, कागदोपत्री तो इटलीच्या राजाचा प्रजाजन होता आणि इटालियन सैन्यात बोलावले जाण्याची शक्यता त्याच्यापुढे होती. राष्ट्रीयत्व ही मनोभावना असते तशीच ती शासनाच्या दप्तरातील नोंदही असते, याचा हा प्रत्यक्ष अनुभव म्हणावा लागेल. लेखकाचे जीवन आणि त्याची पात्रे यांत सरळ समीकरण मांडणे धोक्याचे असते, हे मान्य करूनही या अनुभवानंतर लगेच लिहिल्या गेलेल्या दोन कादंबऱ्यांचा विषय पाहिला की संबंध अगदीच नाकारता येत नाही.

त्यांतील पहिली ‘स्कारामूश’ (१९२१). ब्रिटनीमधील गाव्हरिलाक या खेड्यात वाढलेला, आईबापांचा पत्ता नसलेला तरुण वकील आंद्रे-लुई मोरो हा फ्रेंच राज्यक्रांतीच्या वावटळीत वक्ता होतो, फरारी होतो, फिरत्या नाटकमंडळीत विदूषक होतो, तलवारबाजीचा शिक्षक होतो आणि शेवटी राष्ट्रीय सभेचा सभासद होतो. ज्या उमरावाचा सूड घेण्यासाठी तो जगतो, तोच आपला जन्मदाता असल्याचे त्याला अखेरीस कळते. रंगभूमीवरील माणसांचे चित्रण या कादंबरीत विशेष जिवंत उतरले आहे. गायक-नटांच्या घरात जन्मलेल्या लेखकाला ते जग नवे नव्हते. पंचवीस वर्षे हुलकावणी देणारे यश या पुस्तकाने, विशेषतः अमेरिकेत, एकदम मिळवून दिले. साबातिनी त्या वेळी शेहेचाळीस वर्षांचा होता.

६.

दुसरी कादंबरी ‘कॅप्टन ब्लड’. तिचा पहिला आकार नियतकालिकातील कथामालेचा होता. १९२० व १९२१ मध्ये ‘प्रीमियर मॅगेझिन’मध्ये आलेल्या कथा जोडून, विस्तारून आणि त्यांना आरंभ-शेवट देऊन १९२२ मध्ये ही कादंबरी सिद्ध झाली.

पीटर ब्लड हा आयरिश वैद्य. तरुणपणी परकीय आरमारांत नोकरी करून, स्पेनच्या तुरुंगात दिवस काढून, आता तो इंग्लंडमधील ब्रिजवॉटर गावी शांतपणे वैद्यकी करीत आहे. जुलै १६८५ मध्ये सेजमूरच्या रणावर ड्यूक ऑफ मन्मथचा उठाव चिरडला जातो. ब्लडचा उठावाशी संबंध नाही. परंतु एका जखमी बंडखोरावर उपचार करीत असताना तो पकडला जातो आणि न्यायाधीश जेफ्रीजसमोर उभा राहतो. शिक्षा होते ती बार्बाडोस बेटावर गुलाम म्हणून विकले जाण्याची. तेथून स्पॅनिश जहाज ताब्यात घेऊन तो निसटतो आणि चाचा बनतो. ज्या मळेवाल्याने त्याला विकत घेतले त्याची पुतणी अरॅबेला हिचे नाव तो त्या जहाजाला देतो. तिने त्याला चोर आणि चाचा म्हटल्यावर मात्र त्याचे सारे पराक्रम त्याला कवडीमोल वाटू लागतात.

या कथेमागील ऐतिहासिक द्रव्य तपासले असता साबातिनीची पद्धत स्पष्ट होते. हेन्री पिटमन नावाचा एक शल्यवैद्य खरोखरच मन्मथच्या उठावात सापडला होता. जखमींवर उपचार केल्याबद्दल त्याला बार्बाडोसला पाठविण्यात आले. १६८७ मध्ये काही सोबत्यांसह लहानशा होडीतून तो पळाला, निर्जन बेटावर राहिला, चाच्यांच्या मदतीने सुटला, आणि १६८९ मध्ये त्याने आपली हकिकत छापली. जेफ्रीजच्या त्या न्यायसत्रात सुमारे ३०० जणांना फाशी झाली आणि ८०० च्या आसपास माणसे वेस्ट इंडिज बेटांवर मजुरीला धाडली गेली. कादंबरीचा पूर्वार्ध या पायावर उभा आहे.

उत्तरार्धातील साहसे दुसरीकडून घेतली आहेत. माराकाइबोच्या खाडीत अडकलेला ब्लड ज्या युक्तीने किल्लेदाराला चकवितो, ती युक्ती हेन्री मॉर्गनने १६६९ मध्ये केली होती. माणसांनी भरलेल्या होड्या किनाऱ्याकडे न्यावयाच्या आणि तीच माणसे होडीच्या तळाशी आडवी करून परत आणावयाची, म्हणजे किल्ल्यावर हल्ला जमिनीच्या बाजूने येणार असा समज होऊन तोफा तिकडे वळतात, असा तो डाव होता. कार्ताहेनावरील फ्रेंच स्वारीचा नमुना बॅरन द प्वांती याच्या १६९७ मधील मोहिमेचा आहे. कादंबरीत ती जवळजवळ आठ वर्षे अलीकडे ओढली आहे. तोर्तुगाचा गव्हर्नर दोझरोन हा खरा पुरुष असला तरी तो १६७६ मध्येच वारला होता. साबातिनीने त्याला कथेच्या सोयीसाठी दहा वर्षे अधिक जगविले.

सर्वांत मौजेची गोष्ट निवेदनाच्या रचनेत आहे. ब्लडचा सहकारी जेरेमी पिट याने ठेवलेल्या जहाजाच्या रोजनिशीवरून आपण ही हकिकत लिहीत आहोत, असा निवेदकाचा आव आहे. चाच्यांचा समकालीन इतिहासकार एक्स्केमेलिन याच्या हाती ती रोजनिशी पडली असावी आणि त्यातील काही पराक्रम त्याने मॉर्गनच्या नावावर चढविले असावेत, असा आरोपही हा निवेदक करतो. वास्तव नेमके उलटे आहे. कल्पित नायकाने खऱ्या माणसाची कृत्ये उचलली आहेत आणि वर चोरीचा आळ त्याच खऱ्या माणसावर घातला आहे. ही थट्टा जाणत्या वाचकासाठी आहे. इतिहासाची साधने ज्याने खरोखर वाचली आहेत, त्यालाच ती करता येते.

७.

येथे सनदी चाचेगिरीचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपातील राजसत्ता खासगी जहाजमालकांना शत्रूची जहाजे पकडण्याची लेखी सनद देत. पकडलेले जहाज न्यायालयात रुजू करावयाचे, राज्याचा हिस्सा द्यावयाचा आणि उरलेली लूट मालक व खलाशी यांनी वाटून घ्यावयाची, अशी ही व्यवस्था होती. सनद जवळ असेल तर तो सैनिक, नसेल तर तो चाचा व फाशीचा धनी. कृत्य एकच असे. शिवाय राजे तह करीत, आणि कालची सनद आज निरुपयोगी होई. १६७० मध्ये इंग्लंड व स्पेन यांच्यात माद्रिदचा तह झाला. त्यानंतर १६७१ मध्ये पनामा लुटल्याबद्दल मॉर्गनला पकडून इंग्लंडला नेण्यात आले. पण थोड्याच वर्षांत तो सर हेन्री होऊन जमैकाचा उपगव्हर्नर म्हणून परतला. युरोपीय राष्ट्रांनी ही प्रथा १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्याने रद्द केली.

कॅप्टन ब्लडच्या कथेचा कणा हाच आहे. त्याला गुलाम करतो तो कायदा आणि गव्हर्नर करतो तोही कायदाच. मधल्या काळात दुसऱ्या जेम्सची सनद त्याला देऊ केली जाते. प्राणसंकटात तो ती घेतो, आणि ज्या राजाने आपल्याला विकले त्याची चाकरी सहन न होऊन ती परत फेकतो. पुढे फ्रेंच सेनापतीच्या हाताखाली तो राजमान्य योद्धा म्हणून जातो, तर तो सेनापतीच लुटीचा हिस्सा बुडवून पळून जातो. सनदधारक चोर निघतो आणि चाचा शब्दाला जागतो. अखेरीस इंग्लंडच्या गादीवर तिसरा विल्यम येतो, आणि त्या एका घटनेने बंडखोर हे देशभक्त ठरतात. ब्लडच्या अंगी काहीच बदललेले नसते. बदललेला असतो तो राजा. प्रेमकथेचा शेवट गोड होतो आणि वाचक संतुष्ट होतो, पण न्याय किती आकस्मिक असतो याची जाणीव त्या गोडव्याखाली राहते.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. कान्होजी आंग्रे हे छत्रपतींचे सरखेल होते, त्यांचे दस्तक घेतल्याशिवाय कोकण किनाऱ्यावरून व्यापारी जहाजांनी जाऊ नये असा त्यांचा दावा होता. तरीही मुंबईकर इंग्रजांच्या कागदपत्रांत त्यांची नोंद चाचा म्हणून होत राहिली. स्वतः परवाने विकणारी कंपनी दुसऱ्याच्या परवान्याला लूट म्हणत होती. साबातिनीने आंग्र्यांवर लिहिलेले नाही, आणि हे साम्य त्याच्या मनात असण्याचे कारण नाही. परंतु शत्रूच्या दप्तरावरून माणसाची ओळख ठरवू नये, ही बोर्जाच्या चरित्रातील त्याची भूमिका आपल्या आरमारी इतिहासाच्या वाचकाला सहज पटण्यासारखी आहे.

कादंबरीच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. बार्बाडोसच्या मळ्यांवर गोऱ्या कैद्यांचे हाल साबातिनीने सहानुभूतीने वर्णिले आहेत. त्याच मळ्यांवर राबणारे आफ्रिकी गुलाम मात्र पार्श्वभूमीत मूकपणे वावरतात. ज्या अन्यायाविरुद्ध नायक पेटून उठतो, तोच अन्याय शेजारी कायमस्वरूपी चालला आहे, याकडे त्याची नजर वळत नाही. स्पॅनिश पात्रे बहुधा क्रूर रंगविली आहेत. खलत्वाच्या दंतकथा तपासणाऱ्या लेखकाने एक दंतकथा न तपासताच वापरली, असे येथे म्हणावे लागते.

८.

‘कॅप्टन ब्लड’ने साबातिनीला जगभर नेले. प्रकाशकांनी त्याची जुनी पुस्तके पुन्हा छापली, आणि १९१५ चा ‘द सी-हॉक’ आठ वर्षांनी नव्याने गाजला. ‘स्कारामूश’वर १९२३ मध्ये, ‘द सी-हॉक’ व ‘कॅप्टन ब्लड’ या दोहोंवर १९२४ मध्ये मूकपट निघाले. ‘बेलारिऑन’ (१९२६) ही प्रबोधनकालीन इटलीवरील मोठी कादंबरी याच भरभराटीच्या काळातील आहे.

यश उशिरा आले आणि सुख फार टिकले नाही. १ एप्रिल १९२७ रोजी अठरा वर्षांच्या आतबाहेरच्या वयाचा त्याचा एकुलता एक मुलगा मोटार-अपघातात ठार झाला. या आघातानंतर पतिपत्नींचे मन एकमेकांत राहिले नाही, आणि १९३१ मध्ये घटस्फोट झाला. साबातिनी वेल्सच्या सीमेवर, हे-ऑन-वाय या गावाजवळ क्लॉक मिल नावाच्या घरात राहावयास गेला. वाय नदीत मासे धरणे आणि हिवाळ्यात स्वित्झर्लंडला जाऊन बर्फावर घसरणे हे त्याचे विरंगुळे होते. वाचकांच्या मागणीवरून त्याने कॅप्टन ब्लडच्या कथांचे आणखी दोन संग्रह १९३१ व १९३६ मध्ये प्रसिद्ध केले. ‘द ब्लॅक स्वॉन’ (१९३२) ही त्याची आणखी एक सागरी कादंबरी.

१९३५ मध्ये त्याने क्रिस्टीन डिक्सन हिच्याशी दुसरा विवाह केला. ती पहिल्या पत्नीच्या भावाची पूर्वाश्रमीची पत्नी. त्याच वर्षी मायकेल कर्टिझच्या दिग्दर्शनाखाली ‘कॅप्टन ब्लड’चा बोलपट निघाला आणि एरल फ्लिन हा तोवर अप्रसिद्ध असलेला नट त्यामुळे तारा झाला. १९४० मध्ये त्याच मंडळींनी ‘द सी-हॉक’ या नावाने दुसरा बोलपट काढला. त्यात कादंबरीचे केवळ नाव शिल्लक होते. अल्जिअर्स, धर्मांतर, भावाचा विश्वासघात हे सारे गाळून एलिझाबेथ राणीच्या निष्ठावंत कप्तानाची, चालू महायुद्धाला साजेशी कथा तेथे बसविली गेली. साबातिनीच्या मूळ प्रश्नाची धार बोथट होऊन साहस तेवढे उरले ते बहुतांशी अशा रूपांतरांमुळे. आज अनेकांना त्याची ओळख आहे ती या चित्रपटांतून. त्यामुळे लेखक म्हणून त्याच्यावर उथळपणाचा जो शिक्का बसला आहे, त्याचा काही भाग वस्तुतः रूपांतरांच्या खात्यावर टाकला पाहिजे.

१९४० सालानेच दुसरा आघात आणला. क्रिस्टीनचा मुलगा लान्सलॉट ब्रिटिश विमानदलात वैमानिक झाला होता. तो विमान घेऊन घरावरून जात असताना ते कोसळले आणि घरच्यांच्या डोळ्यांदेखत जळाले. या घटनेनंतरही साबातिनी लिहीत राहिला. प्रकृतीमुळे वेग मंदावला, तरी कोलंबसावरील कादंबरी, प्रशियाच्या राजघराण्यावरील कादंबरी आणि १९४९ मध्ये ‘द गेम्स्टर’ ही अखेरची कादंबरी त्याने पूर्ण केली. १३ फेब्रुवारी १९५० रोजी स्वित्झर्लंडमधील आडेलबोडेन येथे त्याचे निधन झाले. तेथेच त्याला पुरण्यात आले. जगाच्या वेडेपणाकडे हसत पाहणाऱ्या नायकाची ओळख करून देणारे ‘स्कारामूश’चे पहिले वाक्य पत्नीने त्याच्या समाधीशिलेवर कोरून घेतले. इटलीत जन्मलेल्या, इंग्लंडचा नागरिक झालेल्या माणसाची कबर तिसऱ्याच देशात आहे आणि तिच्यावरचे वाक्य त्याने निवडलेल्या भाषेतले आहे.

९.

साबातिनीची सुमारे तीस कादंबऱ्या, अनेक कथासंग्रह व इतिहासग्रंथ ही निर्मिती समान दर्जाची नाही. एकच घटनाक्रम पुन्हा पुन्हा येतो. निर्दोष मनुष्यावर आळ येतो, तो समाजाबाहेर फेकला जातो, बाहेर राहून पराक्रम करतो आणि अखेर प्रेयसीचा गैरसमज दूर होऊन त्याची प्रतिष्ठा त्याला परत मिळते. स्त्रीपात्रे प्रायः न्यायाधीशाच्या भूमिकेत राहतात. त्यांना स्वतःचे अंतरंग क्वचितच लाभते. पन्नास वर्षे लेखन करणाऱ्याकडून अधिक वैविध्याची अपेक्षा करणे गैर नाही.

तरीही प्रारंभी उपस्थित केलेल्या समीकरणाच्या संदर्भात त्याचे उदाहरण बोलके आहे. येथे अद्भुतरम्यता इतिहासाच्या अज्ञानातून उगवलेली नाही. पिटमनची हकिकत, मॉर्गनचे डाव, प्वांतीची स्वारी हे सारे लेखकाला माहीत होते, आणि कोठे तारीख हलविली तेही त्याला ठाऊक होते. साधनांनी ज्याला गुन्हेगार म्हटले त्याच्या बाजूने पुन्हा एकदा साक्ष काढणे, हे इतिहासग्रंथात त्याने वकिलासारखे केले आणि कादंबरीत कथेकऱ्यासारखे. दुसरे काम त्याला अधिक चांगले साधले. बोर्जाच्या चरित्रावर वाद घालता येतो. पीटर ब्लडच्या बाबतीत वाचक आधीच त्याच्या पक्षाला मिळालेला असतो, आणि राजाच्या शिक्क्याकडे संशयाने पाहावयास शिकलेला असतो.

आपल्याकडील ऐतिहासिक कादंबरीचे वाचन करतानाही हा निकष उपयोगी पडावा. एखाद्या कृतीत अद्भुत किती व इतिहास किती, याची टक्केवारी काढण्यापेक्षा, लेखकाने कोणता कागद वाचला, तो कोणी लिहिला होता, आणि त्या कागदाने ज्याचे तोंड बंद केले त्याला लेखकाने बोलू दिले की नाही, हे पाहणे अधिक फलदायी ठरेल. साबातिनीने चाच्याला बोलू दिले. मळ्यावरच्या गुलामाला बोलू देणे मात्र त्याला सुचले नाही. त्याच्या यशाचे आणि मर्यादेचे मोजमाप या दोन गोष्टी एकत्र ठेवूनच करावे लागेल.